शाळेच्या कारभारात एआय : मुंबईतल्या मुख्याध्यापकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळांतले मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि व्यवस्थापन समितीवरचे पालक एआयबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. वर्गात एआय कसं शिकवावं हा इथला विषय नाही. शाळा चालवताना आणि नियोजन करताना ते कुठवर वापरावं, एवढ्यापुरतंच हे आहे. माझी भूमिका आधीच सांगते, म्हणजे पुढची उत्तरं कुठून येतात ते कळेल. मसुदा लिहिणं, आकडे मांडणं, लांब कागद थोडक्यात सांगणं ही कामं एआयकडे खुशाल द्यावीत. एखाद्या मुलाचं किंवा शिक्षकाचं पुढे काय होणार हे ज्यावर ठरतं, तो निर्णय मात्र त्यांना नावाने ओळखणाऱ्या माणसानेच घ्यावा.

मुख्याध्यापकांनी एआय वापरावं का? आतापर्यंत त्याच्याशिवाय शाळा चाललीच ना?

वापरावं. तुमच्या शाळेतले काही शिक्षक टाचण, सराव प्रश्न, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन चॅटजीपीटी किंवा जेमिनीकडून लिहून घेत असणारच. मुख्याध्यापकांना त्यातलं काही ठाऊक नसेल तर जो तो आपापल्या समजुतीने वागतो, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी अख्ख्या वर्गाच्या हजेरीपटाचा फोटो काढून त्यात टाकतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरी आणि पुढच्या वर्गांच्या अभ्यासक्रमात एआय आणण्याचं जाहीर केलं आहे. मुलांना जे शिकवायचं, ते शाळाप्रमुखांनी निदान स्वतः हाताळून पाहिलेलं असावं.

सुरुवात कोणत्या कामापासून करावी?

ज्यात एकाही मुलाचं नाव नाही आणि चूक झालीच तर लगेच दिसेल, अशा कामापासून. बारा पानी परिपत्रक आलं असेल तर ते एआयला द्या आणि विचारा : ‘यात मुख्याध्यापकाने कोणत्या तारखेपर्यंत काय करायचं आहे?’ आलेली यादी मूळ कागदाशी ताडून पाहा. पालकसभेत घाईघाईने उतरवलेल्या मुद्द्यांचं इतिवृत्त करून घ्या. ही दोन कामं महिनाभर केलीत की ते कुठे हुशार आहे आणि कुठे थापा मारतं, हे कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा लवकर कळतं.

हव्या त्या विषयावरचा शासन निर्णय एआय लगेच सांगतं. तो खरा मानावा का?

मूळ जीआर उघडून पाहिल्याशिवाय कधीच मानू नका. एआय शब्दांमागून शब्द जुळवत उत्तर रचतं. त्यामुळे विभागाचं नाव, क्रमांक, दिनांक सगळं अगदी सरकारी थाटात येतं आणि तो जीआर अस्तित्वातच नसतो. तपासायची सोपी रीत आहे. महाराष्ट्र शासनाच्या जीआरच्या शेवटी ‘संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक...’ असं वाक्य असतं. तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून शोधा. सापडला नाही तर असा जीआर नाही असंच धरून चाला. अशा कागदाचा हवाला देऊन शिक्षण निरीक्षकांना पत्र गेलं, तर खाली सही तुमची असते.

खरा सापडलेला जीआरही जुना झालेला असू शकतो. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय ८ फेब्रुवारी २०२४ ला निघाला. एआयला दोन सत्रांचं वेळापत्रक मागितलं तर ते अजूनही पहिलीला सातला बसवू शकतं. मुंबईत आणखी एक गुंता आहे. पालिकेच्या शाळांना पालिकेच्या शिक्षण विभागाची परिपत्रकं लागू असतात, तर खासगी अनुदानित शाळांचा व्यवहार शिक्षण निरीक्षक कार्यालयाशी असतो. एआयला हा फरक आपण सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. कधी ते सीबीएसईचा नियम राज्य मंडळाच्या शाळेला लावतं, कधी दुसऱ्याच राज्याचा. म्हणून जीआरची पीडीएफ तुम्हीच द्या आणि ‘याच्या बाहेरचं काही सांगू नकोस, पान क्रमांकासह उत्तर दे’ असं लिहा. एवढ्याने चुका पुष्कळ कमी होतात, तरी पूर्ण थांबत नाहीत.

वर्षभराचं नियोजन त्याच्याकडून करून घेता येईल?

सांगाडा करून घेता येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीला किमान २२० दिवस काम व्हायला हवं. सुट्ट्यांची यादी देऊन दिवस मोजायला सांगा, परीक्षा आणि उपक्रम बसवायला सांगा.

मुंबई मात्र तुम्हाला भरावी लागेल. पालिका दरवर्षी पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते. त्या दिवसांची यादी एआयला द्या आणि पालकसभा, बाहेरची सहल, घटक चाचणी त्या तारखांना येऊ देऊ नकोस असं बजावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा शाळेतच अडकलेली मुलं ज्यांनी सांभाळली, त्यांना अशा यादीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. मुसळधार पावसाच्या दिवशी पालकांना पाठवायचे निरोपही आधीच लिहून ठेवा : शाळा लवकर सुटतेय, मूल शाळेत सुरक्षित आहे, घ्यायला येताना ओळखपत्र आणा. ते शाळेतल्या घरांमध्ये बोलल्या जाणाऱ्या सगळ्या भाषांत करून तपासून ठेवा. ‘आज शाळेला सुट्टी आहे का?’ हे मात्र एआयला विचारू नका. सुट्टीची बनावट परिपत्रकं व्हॉट्सॲपवर फिरतात तेवढी पुरेत. पालिकेची अधिकृत घोषणाच पाहा.

कोकणातली घरं गणपतीला किती दिवस गावी जातात, उत्तर प्रदेश-बिहारकडची कुटुंबं तिकीट मिळेल तशी एप्रिलमध्येच कशी निघतात, कुठल्या आठवड्यात अर्धे शिक्षक निवडणूक किंवा जनगणनेच्या कामावर असू शकतात, हेही तुम्हीच लिहून द्यायचं. चाचणी गणपतीनंतर लगेच सोमवारी लावली तर काय होतं, हे एआयला कळायचा मार्ग नाही.

वेळापत्रक आणि बदली तासिकांचं (गैरहजर शिक्षकाऐवजी दुसऱ्याने घ्यायच्या तासांचं) काय?

चॅटवर मागितलेलं वेळापत्रक दिसायला नीटनेटकं येतं आणि मंगळवारी पाचव्या तासाला गणिताच्या बाई सातवी अ आणि आठवी ब या दोन्ही वर्गांत असतात. हे काम वेळापत्रकासाठीच बनवलेल्या सॉफ्टवेअरचं आहे. ते सगळ्या अटी एकमेकींशी ताडून पाहतं. बोलणाऱ्या एआयचा उपयोग त्याआधी होतो : अटी सुचवायला, सुटलेल्या लक्षात आणून द्यायला. एकच प्रयोगशाळा, दोन सत्रांत वाटलेल्या खोल्या, अर्धवेळ शिक्षकांचे दिवस, मैदान नसल्याने शेजारच्या उद्यानात होणारा खेळाचा तास, विरारहून किंवा बदलापूरहून लोकलने येणाऱ्या शिक्षकाचा पहिला तास. शिक्षकांची नावं लिहू नका, शिक्षक क, शिक्षक ख एवढं पुरतं.

बदली तासिकांची गोष्ट मला वेळापत्रकाहून मोलाची वाटते. वहीत रोज नोंद होते, पण महिन्याची बेरीज सहसा कुणी करत नाही. एक्सेलमध्ये ती करा. सूत्र जमत नसेल तर एआयला सूत्र विचारा. बहुतेक ठिकाणी दिसतं की नवे आणि कंत्राटी शिक्षक सगळ्यांत जास्त ऑफ, म्हणजे मोकळे, तास गमावतात, कारण ते नाही म्हणत नाहीत. हा आकडा समोर आला की पर्यवेक्षकांशी बोलणं सोपं होतं, आणि बोलायचं काम तुमचंच.

एक सूचना इथेच देते. एआयला थेट बेरीज-गुणाकार करायला लावू नका, एक्सेलचं सूत्र मागा. पोषण आहारात पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य असा हिशेब आहे. म्हणजे १८० आणि १२० मुलांना मिळून रोज ३६ किलो. एवढं तोंडी जमतं. महिनाभराची बदलती उपस्थिती धरून केलेला हिशेब चॅटमध्ये कुठे चुकला, हे शोधत बसावं लागतं. एक्सेलमध्ये सूत्र डोळ्यांसमोर असतं.

शाळा विकास आराखडा एआयकडून लिहून घेतला तर चालेल का?

लिहून मिळेल, आणि तो शेजारच्या शाळेच्या आराखड्यासारखाच असेल. डिजिटल वर्ग, वाचन कोपरा, पर्यावरण जागृती, पालक सहभाग. यातलं चुकीचं काही नाही, फक्त त्यात तुमची शाळा नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार पालिकेच्या शाळांत हा आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा असतो, आणि कलम २१ नुसार त्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. अनुदानित शाळांत समितीची भूमिका सल्ल्यापुरती आहे. कायद्याने हे काम पालकांकडे दिलं त्याला कारण आहे. शौचालयाची कडी तुटल्यामुळे मुली दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, शाळेसमोरच्या रस्त्याचं काम वर्षभर चाललंय आणि लहान मुलांना चिखलातून यावं लागतं, वस्तीतल्या काही इमारती पुनर्विकासाला जाणार असल्याने पुढच्या वर्षी दुसरीचा पट घसरेल : हे पालक सांगतात. एआयला यातलं काही माहीत नसतं, आणि माहीत नाही असंही ते म्हणत नाही. ते रिकामी जागा सुंदर वाक्यांनी भरून टाकतं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी समितीची बैठक. त्यात पालकांना बोलू द्या आणि कुणीतरी त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. मग आकडे : इयत्तावार पट, पुढच्या तीन वर्षांचा अंदाज, लागणारे शिक्षक, खोल्या, खर्च. केंद्राच्या आदर्श नियमांत आराखडा तीन वर्षांचा आणि त्यात वर्षावर्षाचे उपआराखडे अशी रचना आहे, आणि हेच मुद्दे त्यात मागितले आहेत. हे सगळं हातात आलं की एआयला द्या आणि ‘यातले मुद्दे न बदलता नीट मांड, नवीन मुद्दा घालू नकोस’ असं सांगा. त्यानंतर एक प्रश्न जरूर विचारा : ‘या आराखड्यात काय सुटलंय? कोणत्या मुलांचा विचार झालेला नाही?’ इथे ते खरंच उपयोगी पडतं. दिव्यांग मुलांसाठी तळमजल्यावर वर्ग, मधूनच प्रवेश घेणारी मुलं, ऊर्दू किंवा तेलुगू बोलणाऱ्या घरातून मराठी माध्यमात आलेलं मूल, अशा गोष्टी ते आठवण करून देतं. तयार झालेला मसुदा पुन्हा समितीपुढे वाचा. मोठ्याने, सोप्या मराठीत. पालकांना जे वाक्य कळलं नाही, ते बदला.

मुलांची माहिती त्यात टाकली तर नक्की काय बिघडतं?

मोफत चॅटमध्ये टाकलेला मजकूर त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, आणि सेटिंगमध्ये बंद केलं नसेल तर पुढची मॉडेलं सुधारायला वापरला जाऊ शकतो. एकदा गेलेली माहिती परत बोलावून घेणं शाळेच्या हातात राहत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. बालकांच्या माहितीबाबतच्या कर्तव्यात कसूर झाली तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शैक्षणिक संस्थांना नियमांत काही सवलत आहे, पण ती शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी माग ठेवण्यापुरती आहे. एखाद्या कंपनीच्या मोफत चॅटमध्ये वर्गाची यादी टाकायला ती परवानगी देते, असं समजू नका.

दंड बाजूला ठेवला तरी पालकांनी आपल्याला जात, उत्पन्न, आजार, घटस्फोट या गोष्टी विश्वासाने सांगितलेल्या असतात. जनरल रजिस्टर आपण कुणाला घरी नेऊ देत नाही. नाव, आधार, अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), सरल किंवा यूडायस या सरकारी पोर्टलांवरची विद्यार्थ्याची नोंद, फोन, पत्ता, फोटो, जात, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यातलं काहीच त्यात जाऊ नये. नाव काढलं म्हणजे काम झालं असंही नाही. ‘सातवी ब मधली, वडील नसलेली, कबड्डीत राज्यस्तरावर खेळलेली मुलगी’ असं लिहिलं तर वस्तीतलं कुणीही ओळखेल.

लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीबद्दल तर एक ओळही एआयमध्ये लिहू नका, सल्ला मागायलाही नाही. पोक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे आणि मुलाची ओळख जपणंही.

कोणतं मूल शाळा सोडण्याच्या बेतात आहे, हे एआय आधीच सांगू शकतं म्हणतात. घ्यावी का अशी यंत्रणा?

या प्रश्नावर थोडं थांबून बोलते, कारण इथे भलं करायला जाऊन नुकसान होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त आहे.

अशी यंत्रणा उपस्थिती, गुण, वय, कधी पालकांचं शिक्षण आणि उत्पन्न पाहते, आणि आधी शाळा सोडलेल्या मुलांशी ज्यांचं साम्य आहे त्यांना लाल रंग देते. आता गोवंडीच्या किंवा मालवणीच्या एखाद्या वर्गाकडे बघा. एक मूल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बारा दिवस आलं नाही : गणपतीला रत्नागिरीत होतं, येताना मोदक घेऊन येईल. दुसऱ्याची उपस्थिती जानेवारीपासून आठवड्यात एक दिवस घसरली : इमारत पाडली, कुटुंब दूरच्या संक्रमण शिबिरात गेलं, दोन बस बदलून यावं लागतं. तिसरी मुलगी रोज येते, गुण बरे आहेत, यंत्रणेत ती हिरवी आहे. फक्त वर्गशिक्षिकेला ठाऊक आहे की आई कामाला लागल्यापासून धाकटा भाऊ हिच्याकडे असतो आणि आठवीनंतर हिला घरी बसवायचं चाललंय. यंत्रणेने पहिल्याला लाल केलं आणि तिसरीला हिरवं. खरी काळजी तिसरीची आणि दुसऱ्याची होती.

याचा अर्थ आकडे निरुपयोगी आहेत असा नाही. साठ मुलांच्या वर्गात गप्प बसणारं मूल शिक्षकाच्या नजरेतून सुटतं, आणि सलग तीन सोमवार गैरहजर असलेलं मूल एक्सेल लगेच दाखवतं. शाळेच्या आतच, साध्या तक्त्यात, महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस न आलेल्यांची यादी काढा. त्यासाठी एआयची गरज नाही. ती यादी वर्गशिक्षकाला द्या आणि एकच रकाना रिकामा ठेवा : ‘कारण काय?’ तो फोन करून, घरी जाऊन भरायचा.

ज्या वस्तीत मी काम केलं तिथे घरी गेल्यावर मिळणारी उत्तरं कुठल्याच पोर्टलच्या यादीत नव्हती. बुटांचा तळ निघालाय. रिक्षावाल्या काकांनी पैसे वाढवले. शेजारचा मुलगा वाटेत त्रास देतो. यातल्या प्रत्येकावर शाळा काहीतरी करू शकते. लाल ठिपक्यावर काही करता येत नाही. उलट तो ठिपका शिक्षकांच्या खोलीत पोहोचला की ‘हे मूल टिकणार नाही’ ही नजर त्याच्याभोवती तयार होते. म्हणून तयार यंत्रणा विकत घ्यायला माझा सल्ला नाही. घेतलीच असेल तर यादी मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांच्यापुढे जाऊ नये, आणि वर्ष संपल्यावर पुसली जावी.

प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी एआयकडून लिहून घ्याव्यात का?

शिक्षक हे आधीपासूनच वेगळ्या रूपात करत होते. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपवर फिरत आहेत : ‘उदाहरणे अचूक सोडवतो’, ‘गटकार्यात सहभागी होते’. एआयने त्याच नोंदी अधिक गुळगुळीत करून दिल्या, तर पालकांच्या हाती काहीच जास्त पडत नाही.

मुख्याध्यापक म्हणून तुम्ही एक गोष्ट ठरवून देऊ शकता. सत्रात प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने स्वतः पाहिलेली एक गोष्ट वहीत लिहायची. ‘हातचा घ्यायला विसरतो, पण विचारल्यावर स्वतःच सुधारतो.’ ‘कविता म्हणताना डोळे मिटते.’ मूळ निरीक्षण असं असेल तर वाक्यरचना एआयने नीट केली तरी हरकत नाही, नाव न देता. निरीक्षणच नसेल तर तो रकाना कोरा दिसू द्या. कोरा रकाना शिक्षकाला तरी काहीतरी सांगतो.

शिक्षकांचा गोपनीय अहवाल किंवा पाठ निरीक्षण?

गोपनीय अहवाल नाही. त्यावर एका माणसाची पदोन्नती अवलंबून असते. पाठ निरीक्षणात मात्र एक चांगला उपयोग आहे. निरीक्षण करताना तुम्ही खरडलेले मुद्दे देऊन ‘शिक्षकाला विचारता येतील असे तीन प्रश्न सुचव’ असं सांगा. शेरा मारण्यापेक्षा प्रश्नांनी सुरू झालेलं बोलणं बरंच पुढे जातं.

हजेरीसाठी चेहरा ओळखणारे कॅमेरे घ्यायचे का?

नको. स्वीडनमधल्या स्केलेफ्टिओ इथल्या एका शाळेने हजेरीसाठी हेच करून पाहिलं. २०१९ मध्ये तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने दंड केला, कारण एवढ्या कामासाठी मुलांच्या चेहऱ्याची नोंद ठेवणं अवाजवी होतं आणि शाळेपुढे पालकांची संमती खऱ्या अर्थाने मोकळी नसते. युरोपीय संघाने तर शाळांमध्ये भावना ओळखणाऱ्या एआयवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच घातली. सुरक्षिततेसाठी प्रवेशद्वारावर आणि जिन्यात सीसीटीव्ही असणं वेगळं. आणि सकाळी नाव घेऊन ‘हजर’ ऐकण्यात शिक्षकाला त्या मुलाचा आवाज कसा आहे हे कळतं. ते वाचवण्यासारखं आहे.

मुलांनी प्रकल्प एआयकडून लिहून घेतले हे ओळखणारी साधनं विश्वासार्ह आहेत का?

नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून अधिक निबंध अशा साधनांनी चुकून यंत्राचे ठरवले. आपल्या मुलांचं इंग्रजी त्याच प्रकारात मोडतं. मुलाला समोर बसवून ‘हे कसं सुचलं?’ विचारणं हाच मार्ग.

पालकांना पाठवायच्या सूचनांचं भाषांतर चालेल?

चालेल, वाचून पाहायला त्या भाषेचा माणूस असेल तर. पालिका आठ माध्यमांत शाळा चालवते, म्हणून मुंबईत असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. केंद्र सरकारचं ‘भाषिणी’ हे भाषांतराचं साधन भारतीय भाषांसाठीच आहे, तेही वापरून पाहा. मराठी मजकुरात एआयला सरकारी जड शब्दांची ओढ असते. ‘उपस्थिती अनिवार्य असून अनुपस्थित पाल्यांच्या पालकांनी नोंद घ्यावी’ याऐवजी ‘सोमवारी सकाळी आठला या, येता येत नसेल तर फोन करा’ असं मागून घ्या. फी किंवा शिस्तीबद्दलची पत्रं मात्र स्वतः लिहा.

कंपनीचा माणूस ‘एआय शाळा’ विकायला आला तर काय विचारावं?

आमच्या मुलांची माहिती कुठे साठते, करार संपल्यावर ती पुसल्याचा लेखी दाखला द्याल का, ती तुमची उत्पादनं सुधारायला वापरता का, मराठीत चालवून दाखवाल का, आणि चूक झाली तर दुरुस्त कोण आणि किती दिवसांत करणार? उत्तरं लेखी घ्या. ‘सगळं सुरक्षित आहे सर’ हे उत्तर नव्हे. पहिल्या वर्षी मोफत असेल तर दुसऱ्या वर्षीचा दर त्याच दिवशी लिहून घ्या.

एआयच्या सल्ल्याने घेतलेला निर्णय चुकला तर जबाबदार कोण?

सही ज्याची, तो. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडमुळे परीक्षा झाल्या नाहीत आणि ए लेव्हलच्या (आपल्या बारावीसारख्या परीक्षेच्या) श्रेणी एका गणिती सूत्राने ठरवल्या. त्यात शाळेचे मागचे निकाल धरले होते. शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींपैकी सुमारे ४० टक्के खाली आल्या. पूर्वी ज्या शाळांचे निकाल कमी होते तिथल्या हुशार मुलांवर त्या इतिहासाचा बोजा पडला, आणि छोट्या तुकड्या असलेल्या खासगी शाळांना फायदा झाला. मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सूत्र मागे घ्यावं लागलं. ते सूत्र आजच्या एआयच्या मानाने साधं होतं. त्यात कुणी दुष्ट नव्हतं. प्रत्येक मुलाचा निकाल पाहून ‘हे बरोबर वाटतंय का?’ विचारणारा माणूस मधून काढून टाकला होता. तुकड्या पाडताना, नववीच्या निकालाचा फेरविचार करताना, शिष्यवृत्तीला मुलं निवडताना तुमच्या शाळेत तो माणूस कोण, हे नावानिशी ठरलेलं असू द्या.

शाळेने स्वतःचं धोरण लिहावं का? किती मोठं?

एक पान, फळ्याशेजारी लावता येईल एवढं. मुलांची कोणती माहिती कधीच टाकायची नाही, कोणत्या कामांना परवानगी आहे, कोणते निर्णय माणूसच घेईल, शंका आल्यास कुणाला विचारायचं. शिक्षकांसोबत लिहा आणि शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघापुढे ठेवा. युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गात अशा साधनांच्या स्वतंत्र वापरासाठी किमान १३ वर्षं वय सुचवलं आहे, तेही त्यात घालता येईल. दर जूनमध्ये पुन्हा वाचा, कारण साधनं वर्षभरात बदलतात.

आमच्याकडे एकच संगणक आहे आणि लिपिकाचं पद रिकामं आहे. आम्हाला याचा काय उपयोग?

सगळ्यांत जास्त तुम्हालाच, कारण लिपिकाचं काम मुख्याध्यापकच करत असतात. संगणक सरल, शालार्थ (पगाराचं पोर्टल) आणि यूडायसला लागेल, म्हणून एआयसाठी फोन चालतो. शाळेच्या नावाने एक वेगळं ईमेल खातं काढा, स्वतःचं वापरू नका, आणि माहिती प्रशिक्षणासाठी वापरण्याचा पर्याय बंद करा. आठवड्यातून दोन कामं ठरवा, उदाहरणार्थ परिपत्रकांचा सारांश आणि इतिवृत्तं. यातून जो तास वाचेल तो वेळापत्रकात लिहूनच टाका, नाहीतर तोही कागदांत जाईल : बुधवारी तिसरा तास, मुख्याध्यापक तिसरीच्या वर्गात वाचन घेणार.